दोन बोटांवरचा उतार

डोंगरातल्या उतारावर सायकल दोन बोटांवर चालते. एक उजव्या हाताचं, एक डाव्या. बाकीची बोटं हँडल धरून असतात. या दोन तर्जन्या मात्र ब्रेकच्या दांड्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात आणि चाकाखाली काय चाललं आहे याचा सगळा हिशेब त्यांच्या पेरांत मांडला जातो. सुटा दगड आला की दाब कमी. घट्ट माती आली की थोडा जास्त. पुढचं चाक क्षणापेक्षा अधिक अडलं तर ते बाजूला निसटतं, मोकळं सोडलं तर सायकल कुणाचं ऐकत नाही. या दोन्हींच्या मधे एक अरुंद जागा असते आणि ती बोटांनाच सापडते. डोक्याला ती कळेपर्यंत वळण मागे पडलेलं असतं.

माझी हीच दोन बोटं मला सोडून गेली होती.

पावसाळ्याच्या शेवटी चिकनगुनिया झाला. 2006 साली महाराष्ट्राने या तापाची मोठी साथ पाहिली, तेव्हा आमच्या आळीतली धडधाकट माणसं भिंतीला धरून चालताना मी बघितली होती. तरी हे दुखणं आपल्या अंगात येईपर्यंत कळत नाही. दिवसा चावणारा एक डास, थोड्या दिवसांचा ताप; आणि ताप उतरला की दुखणं सांध्यांत मुक्काम करतं. कुणाचं काही आठवड्यांत जातं, कुणाचं महिनोन् महिने राहतं, काहींचं वर्षांवर जातं. माझं राहिलं. घोटे, मनगटं आणि सगळ्यांत जास्त बोटं. सकाळी मूठ वळायची नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, एकेक बोट दुसऱ्या हाताने हळूहळू आत आणायचं. दुपारपर्यंत हात माझे व्हायचे, संध्याकाळी पुन्हा परके. दाराची कडी, भाजीची पिशवी, पोळपाट-लाटणं यांचं कसंबसं निभत होतं. ब्रेकची दांडी निभत नव्हती. सायकल भिंतीवरच्या खुंटीला गेली. पावसाळे आले, गेले. मी डोंगरांचे फोटो बघायचंही बंद केलं, कारण फोटोत उतार दिसला की तर्जनी आपोआप वाकायला बघायची आणि कळ यायची.

मग कधीतरी एका सकाळी कोमट पाण्याचं भांडं गॅसवर ठेवायच्या आधीच मूठ मिटली. पूर्ण मिटली. नखं तळव्याला लागली. मी किती तरी वेळ ती मूठ उघडत आणि मिटत बसले होते.

सायकल खाली काढली तेव्हा तिचंही दुखणं समोर आलं. ट्यूबलेस टायरच्या आत छिद्रं बुजवणारा एक दुधासारखा द्रव असतो. तो काही महिन्यांत वाळतो. दुकानातल्या दादांनी टायर उलगडला तर आत रबराची पापुद्र्यांसारखी सालं चिकटलेली. साखळीवर गंज. सीटची दांडी नळीत घट्ट धरलेली, ती हलवायला तेल घालून रात्रभर ठेवावी लागली. ब्रेक मात्र, आश्चर्य म्हणजे, होते तसे होते. दादांनी दांडी माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "दाबून बघा ताई." मी एका बोटाने दाबली. मागची तबकडी जिथल्या तिथे थांबली. त्यांना वाटलं मी ब्रेक तपासते आहे.

पुन्हा सुरुवात करायची ती आंबोलीतच, हे तापात असतानाच ठरलं होतं. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर घाट चढून आलं की समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर हे गाव लागतं. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गाव सह्याद्रीच्या धारेवर आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या गुहेतून निघालेलं पाणी पूर्वेला आजरा, गडहिंग्लजकडे जातं, घटप्रभेला मिळतं आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचतं. त्याच गावाच्या पश्चिम कड्यावरून पडलेलं पाणी एवढ्याशा वेळात अरबी समुद्राला लागतं. त्या गुहेच्या कुंडात एक छोटा मासा राहतो. 2020 साली शास्त्राने त्याला नवी जात म्हणून नोंदलं, नदीचंच नाव त्याला दिलं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. गावातले लोक त्याला आधीपासून देवाचा मासा म्हणत आले आहेत आणि त्याला हात लावत नाहीत. मला त्यांचं हे आधीपासूनचं जाणणं फार मोलाचं वाटतं.

ऑक्टोबरात गेले. दसरा होऊन गेला होता, पाऊस जवळपास सरला होता. सोबत आंबोलीतलाच एक मित्र होता, पावसाळ्यात रात्र रात्र बेडकांमागे फिरणारा. वनखात्याच्या हद्दीत जायचं तर परवानगी लागते. ती त्याने आधीच घेऊन ठेवली होती. आमची वाट चौकुळच्या बाजूला जाणारी, एकेकाळची गाडीवाट. तिचं नाव आणि सुरुवात मी इथे मुद्दाम सांगत नाही. ती फार अरुंद आहे आणि गर्दीचा भार तिला सोसणार नाही.

निघायच्या आधी मित्राने माझ्या हँडलला गुरांच्या गळ्यात बांधतात ती छोटी पितळी घंटा बांधली. जंगलात सायकल आवाज करत नाही हा तिचा गुण वाटतो, पण गव्यांच्या मुलखात तो धोका आहे. माणूस चालत येतो तेव्हा पाचोळा वाजतो, बोलणं ऐकू येतं. सायकल एकदम वळणावरून समोर उभी राहते. आठशे-हजार किलोच्या जनावराला दचकवू नये, त्याच्या घरात तर नाहीच.

पहिला चढ लागला आणि छाती बोलू लागली. व्यायाम थांबला की शरीर आधी श्वास सोडून देतं. थोड्याच आठवड्यांत रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीइतकं रक्त ढकललं जात नाही, मग तेवढ्याच चढाला ठोके जास्त लागतात. स्नायूंचं बळ त्यामानाने सावकाश जातं. तोल मात्र जात नाही. सायकल डावीकडे कलली की हँडल नकळत डावीकडेच वळवायचं आणि चाकं पुन्हा आपल्या खाली आणायची, हे लहानपणी छोट्या मेंदूत जे बसतं ते दुखण्यात, म्हातारपणात टिकून राहतं. मला हे वाचून माहीत होतं. त्या चढावर ते अंगाने कळलं. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र लावलं होतं, माणसाच्या चालीपेक्षा कमी वेग होता, कानात ठोके वाजत होते. आणि खाली चाक जांभ्याच्या दोन दगडांमधली बोटभर फट आपलं आपण निवडत होतं. ती फट मी निवडली नव्हती. माझ्यातल्याच कुणीतरी निवडली होती. इतका काळ ते कुणीतरी गप्प बसून होतं, आणि मी ते मेलं असं धरून चालले होते.

थांबले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते घामाचंच होतं असं नाही. मित्र पुढे गेला होता. तो वळून आला नाही, वरच उभा राहिला. चांगले सोबती असंच करतात.

थांबल्यावर रान दिसायला लागलं. आंबोलीचं रान सागाच्या रानासारखं उंच आणि उघडं नाही. अंजनी, जांभूळ, पिसा यांची गच्च दाटी; झाडं फार उंच होत नाहीत, वारा त्यांना होऊ देत नाही, पण वर फांद्या एकमेकींत अशा गुंततात की दहा वाजताही खाली पहाटेचा उजेड असतो. अंजनीची खोडं काळपट, त्यांवर पावसाळ्यातलं शेवाळ अजून ओलं, बेचक्यांत आमरी आणि नेच्यांचे झुपके. पाण्याचा थेंब पडत होता, पाऊस नसताना. धुकं पानांवर जमतं आणि पानं ते सावकाश खाली देतात. कुठेतरी ओढ्याच्या बाजूने शीळकरी कस्तुर गात होता. त्याची शीळ माणसाने घातल्यासारखी असते, सुरू होते आणि आता ओळखीची चाल येणार असं वाटताना भलतीकडेच वळते. पावसाळ्यात तो इथे पहाटेपासून गातो. ऑक्टोबरातलं त्याचं गाणं तुटक असतं, हंगाम संपवत आणलेलं.

पुढे वाटेवर जाळी होती. मोठ्या रानकोळ्यांची जाळी या दिवसांत वाटेच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेली असतात, उन्हाचा एक कवडसा पडला की धागा सोनेरी दिसतो. वेगात आलं तर ती तोंडावर येतात. आम्ही उतरून, वाकून, बाजूने गेलो. खरं तर त्या जाळ्यांनीच सांगितलं की बऱ्याच दिवसांत इथून कुणी गेलेलं नाही. वाट दोन्ही अंगांनी मिटत आली होती. कारवी आत सरकली होती. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं मधल्या वर्षांत नुसती वाढत असतात. सरळ, दाट, माणसापेक्षा उंच. एका ठिकाणी हँडल दोन्ही बाजूंना अडकलं आणि सायकल उभी करून, पुढचं चाक वर उचलून मी चालत निघाले. कारवीची खरखरीत पानं हातांवरून, मनगटांवरून, पेरांवरून घासत गेली. कुठल्याही औषधी तेलाने इतकं बरं वाटलं नव्हतं.

गवा तिथेच दिसला. आधी वास आला, गोठ्याचा पण त्याहून उग्र. मित्राने हात वर केला. वीस-पंचवीस पावलांवर कारवीतून एक काळं खांद्याचं वशिंड वर आलेलं होतं आणि त्याखाली पाय, गुडघ्यापर्यंत पांढरे. त्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही खाली बघितलं आणि सायकली मागे घेतल्या, सावकाश, पाठ न फिरवता. घंटा माझ्या हालण्याने एकदा वाजली. त्याचा कान वळला. मग एवढं मोठं जनावर, दाट कारवीतून, जवळजवळ आवाज न करता खाली उतरून गेलं. आम्ही बराच वेळ बोललो नाही. जंगलात आपण पाहुणे आहोत हे म्हणायला सोपं असतं. त्या दहा मिनिटांत ते पोटऱ्यांत जाणवत होतं.

रान संपून नाचणीचे तुकडे लागले, माळा उभारलेले. रात्री त्या माळ्यावर बसून माणसं गवे आणि डुकरं हाकलतात. महिनाभराची झोप गेली तरच पीक घरी येतं. वाडीतल्या पहिल्या घराच्या ओट्यावर एक आजी सुपात काहीतरी निवडत बसली होती. तिचं माहेर घाटाखालचं, हे बोलीवरूनच कळलं.

"गो बाये, खंयसून इलंस?"

मी रानाकडे हात केला. तिने सूप खाली ठेवलं. "ह्या वाटेन? सायकल घेवन?" आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन होईपर्यंत ती माझ्या सायकलच्या जाड टायरला बोट लावून बघत होती. मी विचारलं, आजी, वाट एवढी मोडली कशी? ती म्हणाली, "आमची पोरां ह्याच वाटेन शाळेक जायत. आता गाडी येता, पोरां गोंयात, म्हमयत. कोण चलतलो? गवेरेडे चलतत म्हणान वाट उरली."

गवे चालतात म्हणून वाट उरली. ज्या जनावराने रात्री तिची नाचणी खाल्ली, त्याचे तिने वाटेपुरते उपकार मानले, आणि आवाजात कुठे कडवटपणा नव्हता. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतल्या जमिनींचा कबुलायतदार गावकर म्हणून ओळखला जाणारा प्रश्न कागदोपत्री पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. जमीन कुणाची, वन कुठवर, गाव कुठवर. वाटेचा हिशेब आजीने एका वाक्यात केला. तिच्यावर जो चालतो, तिला तो ठेवतो. मी माझ्या हातांकडे बघितलं. या हातांनाही रोज सकाळी कोमट पाण्यात कुणीतरी चालवत ठेवलं होतं म्हणून ते आज इथे होते.

वाडीवरून चढून सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहिलं; म्हणून हा दगड तांबडा, सच्छिद्र आणि कोरडा असताना टायरला घट्ट धरणारा. वर माती बोटभर. ऑगस्ट-सप्टेंबरात याच मातीवर सीतेची आसवं निळी पसरतात. आम्ही गेलो तेव्हा ती सरली होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि कडेकडेने सोनकी अजून तग धरून होती. पश्चिमेला खाली कोकण, धुक्यात अर्धं.

इथून उतार सुरू होणार होता, आणि मला कॅलिफोर्नियातली ती पोरं आठवली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण जुन्या, जड, तीस-चाळीसच्या दशकांतल्या सायकली घेऊन एका कच्च्या डोंगररस्त्यावरून खाली सुटले. तीन किलोमीटरच्या आसपास अंतर आणि चारशे मीटर उतार. त्या सायकलींना ब्रेक हाताचा नव्हता. पेडल उलटं फिरवलं की मागच्या चाकाच्या आतला ब्रेक लागायचा, आणि खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं. प्रत्येक उतारानंतर तो उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, जो ब्रीझ या त्यांच्यातल्या एकाने डोंगरासाठीच म्हणून सायकलचे सांगाडे घडवले, आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. दुखण्याच्या काळात मी हा इतिहास पुन्हा पुन्हा वाचत असे. पायाने ब्रेक लावणाऱ्या माणसांचा मला तेव्हा हेवा वाटे.

सीट खाली केली. टायरमधली थोडी हवा सोडली, वीस पीएसआयच्या आसपास आणली, म्हणजे रबर दगडावर पसरेल. उभी राहिले, कंबर मागे नेली, कोपरं बाहेर. आणि दोन तर्जन्या दांड्यांवर ठेवल्या.

पहिल्या वळणावर बारीक जांभ्याचे खडे होते, सांडलेल्या ज्वारीसारखे. यांच्यावर ब्रेक मारायचा नसतो, त्यांच्या आधीच वेग उतरवून वरून नुसतं वाहत जायचं असतं. बोटांनी तो वेग उतरवला. मी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वळणावर मूळ आडवं आलं. चाक त्याला काटकोनात गेलं. उतारावर नजर जिथे जाते तिथे चाक जातं, दगडाकडे बघितलं तर दगडावरच जातं, म्हणून वाट संपते तिथे बघायचं. नजर तिथेच होती. मागून चाकाच्या आतली टिकटिक चालू होती, पितळी घंटा वेड्यासारखी वाजत होती, आणि डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरात एक बारीक कळ उठत होती. ती शेवटपर्यंत राहिली. त्या कळेसकट ती बोटं माझी होती. मी मोठ्याने ओरडले. खालच्या ओढ्यापर्यंत मला दुसरं काही आठवत नाही. वारा आठवतो, आणि दाबता येतं आहे हे आठवतं.

ओढ्यात हात बुडवून बसले. थंड पाण्यात. मूठ मिटली, उघडली, मिटली.

मित्राने तिथे मला सड्याची दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. आम्ही ज्या पठारावरून आलो त्याच्या खळग्यांत पहिल्या पावसाचं बोटभर पाणी साचतं, आणि एक छोटा भेक, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला, त्या उथळ पाण्यात अंडी घालतो. 2009 साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळपास कुठे सापडत नाही आणि जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाने काही दिवस ओढ दिली तर डबकी आटतात आणि त्या वर्षीची पिल्लं जातात. त्याच डबक्यावरून एक जाड टायर गेला तरी तेच होतं, आणि बसलेल्याला वर काही जाणवतही नाही.

म्हणून, वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे सायकल आहे, भिंतीवर असेल किंवा दारात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. या. दसऱ्यानंतर या, जमीन आवळली की या. वनखात्याला विचारा, वाडीत विचारा, हँडलला घंटा बांधा, आजींच्या दारात पाणी प्या. मिटत आलेल्या वाटांना चाकं लागू द्या. पण जूनमध्ये यायचं झालं तर सायकल गावात ठेवा आणि सड्यावर पायी जा, पाऊल कुठे पडतं आहे ते बघत.